कार्डावरची दोन नावं

साजगाव, ता. खालापूर
७ जानेवारी २०२५

सुरभी,

पाकिटावरचा पत्ता मी मुद्दाम दुसऱ्याच्या हातानं लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू न फोडताच टाकून दिलं असतंस. आता फोडलंच आहेस तर पान संपेपर्यंत थांब. फोन तू ब्लॉक केलास, त्याला सव्वा वर्ष झालं. राहिलं पोस्ट.

सांगायचं एवढंच, की मी केंद्रप्रमुख झालो. हसू नकोस. साजगावात सुनंदाताईंच्या संस्थेचं पाळणाघर आहे. दोन खोल्या, पुढं ग्रिल, सत्तावीस पोरं. सगळ्यात लहान सहा महिन्यांचं, सगळ्यात मोठं पाच वर्षांचं. यांच्या आया कारखान्यांत पॅकिंगला जातात, नाहीतर सकाळी टेंपोत बसून चौक गावाकडच्या फार्महाऊसवर रोजंदारीला. जूनमध्ये मी इथं सामान उचलायला लागलो होतो. आधीच्या बाई लग्न होऊन गेल्या आणि ताईंनी मला उभं केलं. दोन सेविका, एक स्वयंपाकाच्या मावशी, आणि सगळ्यांची जबाबदारी कुणावर? बी.ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यात टाकलेल्या दहिवलीच्या नवनाथवर.

तू पुण्यात एम.एस.डब्ल्यू. करतेस, संस्था कशा चालवायच्या ते वर्गात बसून शिकतेस. मी तेच रोज नाकं पुसत शिकतोय.

आल्या आल्या मी एक नियम केला, तो ऐक. प्रत्येक मुलाचं कार्ड. कार्डावर मुलाचा फोटो आणि न्यायला येणाऱ्या दोन माणसांची नावं, त्यांच्या फोटोंसकट. लॅमिनेट करून दिली सगळ्यांना. कार्डावर नाव नसेल तर मूल द्यायचं नाही, मग समोर कुणी का असेना. याआधी संध्याकाळी कुणीही यायचं, 'मी मामा', 'मी काकी', की सेविका मूल देऊन मोकळ्या. ताईंनी सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं.

आणि काल नियमाची परीक्षाच झाली. ठाकूरवाडीची एक म्हातारी आली, हिरामण नावाच्या पोराला न्यायला. कार्डावर नाव नाही. मी नाही म्हटलं. तिनं बराच तमाशा केला, पण मी ग्रिलला कुलूप लावलं आणि हललो नाही. पूर्वीचा मी असतो तर आवाज चढवला असता. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

नवनाथ


१६ जानेवारी

सुरभी,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच लिहितोय, तेव्हा त्याचं काही नाही.

ती म्हातारी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वाडीची पोरं यायची बंद झाली. एकदोन नाही, सगळी अकरा. मी म्हटलं सण आलाय, संक्रांत झाली की येतील. संक्रांत झाली. नाही आली.

सुनंदाताई काल आल्या. त्यांना तू बघितलेलं नाहीस. पन्नाशीच्या आहेत, आवाज कधी चढत नाही, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते. त्यांनी हजेरीपट उघडला आणि रिकाम्या रकान्यांवरून बोट फिरवत गेल्या.

"नवनाथ, पाळणाघर कुणासाठी काढलं आपण?"

"कामावर जाणाऱ्या आयांसाठी."

"या अकरा आया आज कुठायत?"

"मला काय माहीत ताई. नियम सगळ्यांना सारखा आहे."

"मी नियमाचं विचारलं नाही. आया कुठायत ते विचारलं. माहीत नसेल तर बघून ये."

मला राग आला. राग आला की मी गाडी काढतो, ते तुला माहीतच आहे. चौककडे गेलो, टेंपो जातो त्या रस्त्यानं. एका फार्महाऊसवर पोहण्याच्या तलावाचं काम चाललंय. हिरामणची आई जना डोक्यावर घमेलं घेऊन चढत होती. आणि हिरामण, तीन वर्षांचा, कडेला एका झाडाला साडीनं कमरेशी बांधलेला. साडी लांब होती. तलावाच्या खड्ड्याचा काठ आणि तो, यांत जेमतेम माझ्या दोन पावलांचं अंतर.

जनानं मला बघितलं आणि घमेलं घेऊन चढतच राहिली. मुकादम ओरडेल म्हणून नाही. तिच्या लेखी मी तिथं नव्हतोच.

ताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत अकरा पोरं परत आण. नाही आली तर ही जागा चालवायला मला दुसरा माणूस बघावा लागेल. चिडून नाही म्हणाल्या. वरणात मीठ कमी आहे असं सांगावं, तसं सांगितलं.

हे बाहेर बोलायचं नसतं. कुटुंबांच्या गोष्टी केंद्रातच ठेवायच्या असतात. पण तू बाहेरची नाहीस. निदान मला तरी तसं वाटत नाही.

नवनाथ


१९ जानेवारी, रविवार

सुरभी,

आज वाडीवर जाऊन आलो. आता खरं लिहितो, कारण पहिल्या पत्रात खोटं लिहिलंय आणि ते मला झोंबतंय.

त्या बाईनं काही तमाशा केला नव्हता. तिचं नाव अंबाबाई. ती पायरीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "हिरामनला दे, मी न्येते. जनीचा टेंपो उशिरा येनार हाय."

मी म्हटलं, "कार्ड?"

"कार्ड नाय. ह्याची नाळ मी कापलीय. आजून काय दाखवू?"

सेविका हसल्या. मीही हसलो. "नाळेचा फोटो आहे का?" असं बोललो मी. हे वाक्य मी तुला पत्रात लिहिलं नव्हतं. कुलूप लावलं. आत हिरामण ग्रिलला धरून तिच्या नावानं रडत होता. आणि ती ओरडली नाही, गेली नाही, पायरीवर बसली. सव्वा सातला जना आली तोवर बसून होती. बोलली नाही, पाणी मागितलं नाही. मी आत फॉर्म भरत बसलो होतो, म्हणजे भरल्यासारखं करत.

आणि आणखी एक. कार्डं भरताना जनानं तिचं नाव सांगितलं होतं. मीच विचारलं, "नातं काय?" जना म्हणाली, "नातं नाय, पन आमची हाय." मी म्हटलं, नातं नाही तर नाव नाही, नवऱ्याचं सांग. नवरा दिवाळीपासून कोळशाच्या भट्टीवर, खोपोलीच्याही पलीकडं. त्याचं नाव छापलं, फोटो छापला. असा माणूस, जो होळीशिवाय परत येणारच नाही. वाडीच्या अकराही कार्डांवर हेच. वाडीत पोर कुणाचं ते विचारत नाहीत. जो खाली उतरला तो परत जाताना सगळ्यांची घेऊन जातो. हे त्यांना इतकं साधं आहे की माझा प्रश्नच त्यांना कळला नव्हता, आणि मला त्यांचं उत्तर.

आज गेलो तेव्हा अंबाबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. शेजारी तीन-चार बाया. एक म्हणाली, "ह्यो बघ कार्डवाला आला." दुसरी म्हणाली, "आगं फोटू काढाय आला असंल, वालाचा." सगळ्या हसल्या. मी उभा. माझे कान तापले. तुला आठवत असेल ते कसे तापतात.

अंबाबाईनं वर न बघता शेंगांची पाटी माझ्याकडं सरकवली. "उभा ऱ्हाऊन काय करतोस, सोल."

मी बसलो. अर्धी पाटी सोलून झाल्यावर म्हटलं, "आजी, चुकलं माझं."

"त्ये कळलं."

"तुम्हाला पायरीवर बसवलं..."

"मला बसायची सवं हाय. तीस वर्सं बाजारात बसते, साजगाव, खोपोली, वाल घिऊन, कंदमुळं घिऊन." मग ती थांबली. "माफी ऱ्हाऊ दे रं. तुज्या दारात कोन उभं ऱ्हातं, त्ये सांग."

"सेविका. कधी मी."

"तुला कुनाचं तोंड वळखू येतं?"

मी शेंग सोलत राहिलो. खरंच येत नाही, सुरभी. आपल्या कॉलेजच्या दिवसांतला तो प्रकार तुलाही आठवला असेल. कर्जतच्या स्टँडवर तुझ्या हातातली बॅग घेणाऱ्या माणसाला मी काही न विचारता मारलं. तो तुझा मावसभाऊ दशरथ, तुला घरी न्यायला आलेला. प्राचार्यांनी दोन ओळी माफीच्या लिहून मागितल्या, मी कॉलेजच सोडलं. आज वाडीवर चार बायांसमोर बोललो ते चार शब्द तेव्हा कागदावर लिहिले असते तर काय झालं असतं, याचा हिशेब मी करत नाही. दशरथला मात्र निरोप दे. नाहीतर नको, मीच लिहीन त्याला.

उतरताना मी मागं वळलो आणि म्हटलं, "आजी, तुम्हीच उभ्या राहता का दारात?"

बाया हसायच्या थांबल्या. अंबाबाई म्हणाली, "पगार द्याल?"

"देऊ."

"मग ईन."

नवनाथ


३ फेब्रुवारी

सुरभी,

जिंकलो. म्हणजे अर्धं.

ताईंना तयार करायला तीन दिवस लागले. त्या म्हणाल्या, दारावरचा माणूस दहावी पास लागतो. मी म्हटलं, दहावी पास माणसानंच हा घोटाळा केलाय, बारावी पासही आहे तो. त्या हसल्या नाहीत, पण चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समजायचं, ऐकतायत. शेवटी म्हणाल्या, "फेब्रुवारीपुरतं. लिहायचं काम तू करायचं. आणि एक तक्रार आली, एक, तर त्या घरी आणि कार्डं पुन्हा चालू."

एकतीस तारखेला सकाळी अंबाबाई वाडीवरून उतरली ती मागं आठ पोरं घेऊन. हिरामण तिच्या कडेवर. आज अकराच्या अकरा आहेत. हजेरीपट भरताना मी पेन इतकं दाबलं की पानामागं उमटलंय. तुला दाखवायला हवा होता.

आता ती काय करते ते ऐक, तुझ्या पुस्तकात कुठं असेल तर कळव. सकाळी प्रत्येक आईला ती विचारते, "आज न्यायला कोन?" आई सांगते, तिची जाऊ, शेजारीण, दीर. मी लिहून घेतो, पण तिला लिहिलेलं लागत नाही. संध्याकाळी माणूस आला की ती आधी त्याच्याशी दोन वाक्यं बोलते. तुझी आई बरी आहे का, म्हशीला रेडकू झालं का. उत्तर येईपर्यंत ती त्याच्याकडं बघत असते आणि मागं मूल त्याच्याकडं कसं बघतंय तेही. मग सोडते. तीस वर्षं या गावात दारोदार वाल विकलाय तिनं. कुठल्या घरात काय आहे हे तिला माझ्यापेक्षा, ताईंपेक्षा, पोलीस पाटलापेक्षा जास्त माहीत. मी फोटो छापत बसलो होतो!

सगळ्यांना हे पसंत नाही. गावातल्या काही आया कुजबुजतात. भाग्यश्री म्हणून एक आहे, पॅकिंगला जाते, मुलगी रिया चार वर्षांची. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, आमच्या रियाला त्या बाईनं हात लावायला नको. आमच्याकडं कार्ड आहे ना, आम्ही कार्डावर नेऊ." मी काय बोललो असेन असं तुला वाटतं? फक्त "बरं वहिनी" म्हटलं. आतून उकळत होतो. पण एक तक्रार म्हणजे अंबाबाई घरी, आणि अंबाबाई घरी म्हणजे हिरामण पुन्हा त्या झाडाला. राग गिळायला मी इथं शिकलो, कॉलेजात नाही.

अंबाबाईला कळलं सगळं. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पोरगी ग्वाड हाय."

नवनाथ


२५ फेब्रुवारी

सुरभी,

आज अक्षर वेडंवाकडं येईल. सगळं एका दमात लिहितोय.

गेल्या शुक्रवारी पाच वाजता रियाचा बाप आला. किरण. मोटरसायकलवर. हातात कार्ड, लॅमिनेट केलेलं, त्यावर त्याचाच फोटो, मीच काढलेला. रिया बॅग घेऊन दाराशी आली. अंबाबाई आडवी आली.

"कंपनी लवकर सुटली व्हय?"

"पोरगी दे."

"सकाळी भाग्यश्री म्हनली, मीच ईन."

"मी बाप आहे. कार्ड बघ."

तिनं कार्डाकडं बघितलंच नाही. त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "गाडी हितं ठेव. पोरीला चालत ने. मी येते संगं."

मला तोवर वास आला. पाच वाजता, सुरभी. तो पायरीवर एक पाय ठेवून ओरडला, "ए ठाकरणी, तुला कुणी उभं केलं इथं? माझ्या पोरीला हात लावतेस?" आणखीही बरंच बोलला, ते लिहीत नाही. माझी मूठ वळली होती. अंगठा आत गेला होता, मी मारतो तेव्हा जातो तसा. पुढं झालोच होतो, तेवढ्यात अंबाबाई मागं न बघता म्हणाली, "नवनाथा, आत जा. पोरांना गानं म्हनायला लाव."

आणि मी आत गेलो. माझ्या आयुष्यात मी मोठं काय केलं असेल तर हे. सोळा पोरांना टाळ्या वाजवायला लावून गाणं म्हणत होतो आणि कान दाराशी. ती दारातच बसली, उंबऱ्यावर, दोन्ही हात चौकटीला लावून. तो वीस मिनिटं बोलत होता. ती उठली नाही. मग मोटरसायकल गेल्याचा आवाज आला. रियानं माझा शर्ट धरला होता, तो तेव्हा सोडला.

किरण वाटेत पडला बिडला नाही. नीट घरी पोचला. म्हणूनच तक्रार भक्कम झाली. शनिवारी लेखी आली: कार्डावर नाव असताना वडिलांना मूल दिलं नाही.

काल ताईंनी सगळ्यांना वरच्या ऑफिसात बसवलं, साडेतीनला. किरण इस्त्रीचा शर्ट घालून, एकदम सभ्य. भाग्यश्री त्याच्या शेजारी, मान खाली. अंबाबाई खुर्चीवर बसेना, जमिनीवर बसली, मग मीही जमिनीवर बसलो. ताईंनी कार्ड टेबलावर ठेवलं.

"अंबाबाई, यांचं नाव कार्डावर होतं ना?"

"व्हतं."

"मग का नाही दिली?"

"कार्ड शुद्धीत व्हतं, बाय. ह्यो नव्हता."

किरण उसळला. "बघा, बघा ताई, ही भाषा! मी दोन घोट घेतले असतील. माझी पोरगी आहे, ही कोण लागून..."

ताईंनी हात वर केला. मग माझ्याकडं वळल्या. "नवनाथ, ठरलं होतं, एक तक्रार. आली आहे. तू काय म्हणतोस?"

रात्री मी बरंच जुळवून ठेवलं होतं, मोठं भाषण. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, "ताई, कार्ड मी काढलं. त्या दिवशी दारात मी असतो तर कार्ड बघून रियाला गाडीवर बसवलं असतं. आणि तुम्ही मला शाबासकी दिली असती. अंबाबाईंना उठवणार असाल तर आधी मला उठवा. एवढंच."

ताईंनी चष्मा काढला. कार्ड उचलून पुन्हा बघितलं. 

आणि भाग्यश्री बोलली. किरणकडं न बघता, ताईंकडं बघत. "ताई, कार्डावरची नावं बदलता येतात ना?"

"येतात. आईची सही लागते."

"मग दुसरं नाव बदला."

किरण म्हणाला, "ए, काय चाललंय तुझं?"

ती म्हणाली, "कार्डावरूनच काढलंय तुमचं नाव. शुद्धीत याल तेव्हा घरी आहेच की पोरगी." मग पहिल्यांदाच अंबाबाईकडं वळली. "आजी, तुमचं पूर्ण नाव काय?"

अंबाबाईनं सांगितलं. आडनाव सांगताना थोडी थांबली. कागदावर तिचं नाव लिहायला याआधी कुणी सरळ तोंडावर विचारलंच नसेल, असं मला वाटलं. भाग्यश्रीनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं. वेलांटी चुकली, पुन्हा नीट केली.

ताई काहीतरी बोलणार होत्या. निकाल देणारच होत्या, चष्मा पुन्हा लावला होता. तेवढ्यात अंबाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "तुमचं चालू द्या. पहिल्या पाळीच्या बाया येतील आता, दारात कोन नाय." आणि निकाल न ऐकता ती निघाली. ताईंनी तिला थांबवलं नाही. मी बघत होतो, नाही थांबवलं.

मी पण उठून तिच्या मागं गेलो. किरण अजून बोलत होता, त्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. वळून उत्तर द्यावं असं मला एकदाही वाटलं नाही.

सुरभी, तुझ्याकडून मला काही नको, असं लिहिलं तर ते खोटं होईल आणि पुन्हा पत्र लिहून खरं सांगावं लागेल. हवंय. पण आज त्याच्यासाठी लिहिलं नाही. आज मी इथला केंद्रप्रमुख आहे हे कुणाला तरी सांगायचं होतं, आणि अजूनही पहिलं नाव तुझंच आठवतं.

रोज चार ते सहा मी दारात असतो, तिच्या एक पाऊल मागं. कोण येतंय ते ती सांगते, मी लिहून घेतो.

नवनाथ